आधी हिशेबाला बसा, मग सरावाला

पत्र

ताई, मी नाशिकची. आमचा चौघींचा रॉक बँड आहे. मी गिटार वाजवते आणि गाणी लिहिते; चाली मी आणि आमची गायिका मिळून बांधतो. बेसवर माझी कॉलेजची मैत्रीण आहे आणि ड्रमर मूळची ढोल पथकातली. काही वर्षं कॉलेज फेस्ट, कॅफे, लग्नातली संगीत-पार्टी असं मिळेल ते केलं. गेल्या वर्षी आमचं एक मराठी गाणं (लिंक पाठवते; स्टुडिओचं बिल चौघींनी काढून भरलं होतं) रील्सवर जोरात चाललं आणि पुण्या-मुंबईहून बोलावणी यायला लागली. तेव्हापासूनच बिनसलंय. यूट्यूब आणि स्ट्रीमिंगचे पैसे येतायत, तर बेस आणि ड्रम्सवाल्या म्हणतात चार सारखे वाटे करा. गायिका म्हणते, गाणी आपण केली, पैसे आपले. कार्यक्रम भरवणारे एक गृहस्थ मॅनेजर व्हायला तयार आहेत, त्यांच्या कराराची पानं सोबत पाठवते. 'लूक' बदला असंही ते म्हणतात. त्यात ड्रमरचं लग्न ठरलंय, मे महिन्यात ती पुण्याला जाईल. ती म्हणते मी वाजवणारच. गायिका म्हणते आत्ताच दुसरी शोधू. शिवाय निम्मी बोलावणी फक्त ८ मार्चची असतात, आणि इन्स्टाग्रामवर वाईटसाईट मेसेज येतात. घरचे म्हणतात, मुलींचे बँड टिकत नसतात. तीन आठवडे सराव बंद आहे. आम्ही टिकू का? आणि सही करू का?
(नाव छापू नये.)

उत्तर

सही करू नकोस. या मसुद्यावर तर मुळीच नको. कारणं पुढे सांगते.

त्याआधी घरच्यांच्या त्या वाक्याबद्दल. मी ऑर्केस्ट्रा, नाटकं आणि गाण्यांच्या कार्यक्रमांचे हिशेब सांभाळण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला. पोरांचे बँडही भराभर मोडतात. त्यांचा मोडला की लोक म्हणतात, नोकऱ्या लागल्या, पांगले. पोरींचा मोडला की म्हणतात, बायका एकत्र आल्या की भांडणारच. मोडण्याची कारणं बहुतेक वेळा सारखीच असतात. पैसे कुणी किती घ्यायचे हे आधी ठरलेलं नसतं आणि ठरवायला बसतात तेव्हा पैसे आलेले असतात. तुमचं नेमकं तेच झालंय. म्हणून तुझ्या पत्रातल्या चारही प्रश्नांच्या आधी एकच काम आहे: चौघींनी एकत्र बसून गाणी, नाव आणि वाटे कागदावर लिहायचे. मॅनेजर, नवी ड्रमर, ८ मार्च हे सगळं त्यानंतर.

तुम्हाला द गो-गोज माहीत असतील. नसतील तर या आठवड्यात चौघींनी ऐका, शक्य झालं तर एकत्र बसून ऐका. त्यांची गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तुझ्या पत्रातली जवळजवळ प्रत्येक अडचण त्यांच्यावर येऊन गेली आहे.

१९७८ साली लॉस एंजेलिसच्या पंक मंडळींत हा बँड जमला. बेलिंडा कार्लाइल गायची, जेन वीडलिन आणि शार्लट कॅफी गिटारवर. शार्लट सोडली तर कुणाला फारसं वाजवता येत नव्हतं. १९७९ मध्ये बाल्टिमोरहून आलेली जीना शॉक ड्रम्सवर बसली आणि तिने सरावाची शिस्त लावली. १९८० मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. दौऱ्याचे पैसे त्यांची मॅनेजर जिंजर कॅन्झोनेरी हिने स्वतःच्या चीजवस्तू विकून उभे केले. तिथे मॅडनेस आणि द स्पेशल्स या बँडच्या कार्यक्रमांत त्या आधी वाजवायच्या, आणि समोरची डोकं भादरलेली पोरं त्यांच्यावर थुंकायची. परत आल्या तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे शो हाउसफुल्ल व्हायला लागले होते, तरी मोठ्या रेकॉर्ड कंपन्या हात लावेनात. मुलींचा बँड विकला जात नाही, हे कारण. तुझ्या घरचे म्हणतात त्याचाच कंपनीच्या भाषेतला अवतार.

शेवटी १९८१ मध्ये आय.आर.एस. नावाच्या एका छोट्या कंपनीने त्यांना घेतलं. जुलैमध्ये 'ब्यूटी अँड द बीट' हा पहिला अल्बम आला आणि मार्च १९८२ मध्ये तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन सहा आठवडे तिथे राहिला. गाणीही स्वतःची आणि वाद्यंही स्वतःच वाजवलेली, अशा मुलींच्या बँडने तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ. त्या वेळी त्या द पोलीस या प्रचंड गाजलेल्या बँडच्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवत होत्या, आणि विक्रीच्या यादीत त्यांच्याच वर होत्या!

आणि मे १९८५ मध्ये बँड मोडला. वर पोचल्यापासून जेमतेम तीन वर्षांत.

थुंकणारी पोरं त्यांना मोडू शकली नाहीत, नाही म्हणणाऱ्या कंपन्याही नाहीत. नशा होती, दौऱ्यांचा थकवा होता, आणि या सगळ्याच्या खाली गाण्यांच्या पैशांची कुरबुर होती. जिचं नाव गीतकार-संगीतकार म्हणून लागलेलं, तिच्याकडे रॉयल्टीचा ओघ वेगळा. जी नुसती गायची किंवा वाजवायची तिचा वेगळा. एकाच गाडीतून फिरणाऱ्या, एकाच मंचावर घामाघूम होणाऱ्या पाच जणींच्या बँक खात्यांत फरक पडत गेला. १९८४ मध्ये जेन बाहेर पडली. बँड मोडल्यानंतरही रॉयल्टीचं प्रकरण संपलं नाही, जीना पुढे त्यावरून कोर्टात गेली. २०१३ मध्ये बेस वाजवणारी कॅथी व्हॅलेंटाइन बाहेर काढली गेली, तिथेही वकील आलेच. ती २०१८ मध्ये परतली. २०२१ मध्ये पाचही जणी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये एकत्र उभ्या राहिल्या याचा मला मनापासून आनंद आहे. पण मधली किती वर्षं गेली बघ.

आता त्यांचं एक गाणं मुद्दाम ऐक: 'वी गॉट द बीट'. ते एकट्या शार्लट कॅफीने लिहिलं, श्रेयही तिचं एकटीचं. पण गाणं सुरू होतं ते निव्वळ ड्रम्सवर. गिटार नाही, गळा नाही, फक्त जीना. पहिल्या दोन-तीन सेकंदांत ऐकणारा ओळखतो की कुठलं गाणं आहे. मग ते गाणं कुणाचं? कायद्याने विचारलं तर शार्लटचं. जीनाला विचारलं तर ती काय म्हणेल, हे तुला तुझी ड्रमर जास्त चांगलं सांगेल.

कारण तुमच्या गाण्याचंही तेच आहे. तू लिंक पाठवलीस, मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. सुरुवातीला फ्लोअर टॉमवर (ड्रमकिटमधला पायांवर उभा मोठा ड्रम) नाशिक ढोलाचा ठेका पडतो, मग चौथ्या आवर्तनाला तुझी गिटार शिरते. लोकांनी रील्ससाठी जो तुकडा उचलला तो नेमका तेवढाच आहे. लोक तुझ्या शब्दांपर्यंत पोचतात ते त्या ठेक्याच्या मागे मागे. शब्द सुंदर आहेत, चाल तुम्हा दोघींचीच आहे, यात वाद नाही. पण तो ठेका काढून टाकलास तर ते गाणं चाललं असतं का, हा प्रश्न गायिकेसमोर शांतपणे ठेव.

आता पैशांचं. तुमच्या भांडणात दोन वेगवेगळे पैसे एकत्र झालेत. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे वेगळे आणि गाणं लिहिण्या-बांधण्याचे वेगळे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. तुम्ही ज्या डिस्ट्रिब्यूटरमार्फत गाणं चढवलंत त्याच्याकडून येणारे पैसे हे मुख्यतः ध्वनिमुद्रणाचे. आणि स्टुडिओचं बिल कुणी भरलं? तूच लिहिलंयस की चौघींनी काढून भरलं. मग त्या पैशांचे चार सारखे वाटे होतात. इथे बेस आणि ड्रम्सवाल्यांचं बरोबर आहे. हे तुला आवडणार नाही कदाचित, पण बरोबर आहे.

लिहिण्या-बांधण्याचे पैसे दुसऱ्या वाटेने येतात. मुंबईत आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची रॉयल्टी गोळा करते. तू आणि गायिका तिथे सभासद आहात का? तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे बहुधा नाही. म्हणजे ज्या पैशांवर तुमचा खरोखर हक्क आहे ते तुम्ही मागितलेलेच नाहीत, आणि जे चौघींचे आहेत त्यावरून तीन आठवडे अबोला. आधी सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं नोंदवा. नोंदवताना कुणाचा किती टक्के वाटा हे लिहावंच लागतं, त्यामुळे बैठक आपोआपच घ्यावी लागेल.

वाटे किती? मला विचारशील तर रॉयल्टीचा अर्धा भाग शब्दांचा, तो जिने लिहिलं तिचा, आणि उरलेला अर्धा संगीताचा, तो चौघींचा. चाल तुम्ही दोघींनी बांधली तरी सरावाच्या खोलीत ती चौघींच्या हातून जाते, आणि बाहेर पडते ती वेगळीच होऊन. बेसची ओळ तू लिहून दिली होतीस का? नाही ना. गो-गोजच्याच आय.आर.एस. कंपनीत १९८२ मध्ये आर.ई.एम. नावाचा चार मुलांचा बँड आला होता. त्यांनी गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावे सारखं लावायचं ठरवलं, मग मूळ कल्पना कुणाचीही असो. ते ३१ वर्षं टिकले, आणि १९९७ मध्ये ड्रमर बाहेर पडला तोही भांडून नव्हे. नुसत्या वाट्यांमुळे टिकले असं कुणी म्हणणार नाही, पण वीस वर्षांनी कोर्टात जायचं एक मोठं कारण त्यांनी पहिल्या दिवशीच काढून टाकलं होतं. गायिकेला हे पटलं नाही तर निदान त्या एका गाण्यात ड्रमरचं नाव संगीतकार म्हणून लावा. तेवढ्यावर मी अडून बसेन.

आणि वाजवणारीला कायदा अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलावंतालाही आपल्या वादनाच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मागता येते. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांसाठी आणखी एक मोठी गोष्ट केली: गाण्याचे हक्क कुणाला लिहून दिले तरी रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही. वारस किंवा रॉयल्टी गोळा करणारी संस्था, एवढ्यांनाच तो देता येतो. हे लक्षात ठेव, कारण आता त्या गृहस्थांच्या करारावर येते.

तू पाठवलेली सातही पानं वाचली. ३५ टक्के 'एकूण उत्पन्नावर' आहेत. तो शब्द किती महाग आहे ते आकड्यांत बघ. समजा एका शोची सुपारी ६०,००० रुपयांची आहे. गाडीचे १२,०००, साउंड बघणाऱ्याचे ५,०००, रात्री घरी सोडणाऱ्या टॅक्सीचे २,०००, बँडच्या सामायिक खात्यात ९,०००. उरले ३२,०००, म्हणजे प्रत्येकीला ८,००० ची नाईट, म्हणजे त्या शोचं मानधन. आता त्या गृहस्थांचे ३५ टक्के आधी काढ: २१,००० गेले. खर्च तेवढाच राहिला. उरले ११,०००, प्रत्येकीच्या पाकिटात २,७५०. तेच १५ टक्के असतील आणि गाडी, साउंड, टॅक्सीचा खर्च वजा करून मोजले, तर प्रत्येकीला साडेसहा हजारांच्या आसपास मिळतात आणि मॅनेजरलाही सहा हजारांवर. १५ ते २० टक्के हा या धंद्यातला सर्वसाधारण रिवाज आहे. ३५ मागणाऱ्याने त्याबद्दल काय देणार हे सांगायला हवं, आणि सात पानांत त्यांच्या बाजूने एकही ठोस गोष्ट नाही. वर्षाला किती शो, किती रक्कम आगाऊ, काहीच नाही.

बँडचं नाव त्यांच्या नावावर नोंदवायचं हे कलम तर सरळ फेटाळ. नाव तुमचं. चौघी मिळून मनोरंजन सेवांच्या म्हणजे ४१ व्या वर्गात ट्रेडमार्कचा अर्ज करा, तोही या बैठकीनंतर लगेच. नाव दुसऱ्याच्या हाती गेलं की पाच वर्षांनी तुमच्या जागी चार नव्या मुली त्याच नावाने उभ्या करता येतात. पान ५ वर आहे की मुदतीत झालेली सगळी गाणी त्यांच्या कंपनीची. तेही नाही. पान ६ वर आहे की करार संपल्यावर दोन वर्षं तुम्ही कुणी दुसरीकडे वाजवायचं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ बघता असं बंधन सहसा न्यायालयात उभं राहत नाही. तरीही ते लिहिलेलं असेल तर एखादा आयोजक घाबरून तुम्हाला बोलावणार नाही, आणि नुकसान तिथेच होतं. हे सगळं वकिलाला दाखव. कॉपीराइटचं काम करणारा वकील बघ, जमिनीच्या दाव्यांचा नको.

द रनअवेज या मुलींच्या बँडची आठवण इथे येते. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच जमलेल्या त्या मुली बहुतेक शाळकरी वयाच्या होत्या, आणि कारभार किम फाउली या मॅनेजरच्या हाती. १९७७ मध्ये जपानमध्ये त्यांच्यासाठी विमानतळावर गर्दी उसळली होती. त्याच दौऱ्यात एक बाहेर पडली, थोड्या दिवसांत गायिका गेली. फाउलीशीही त्याच वर्षी फाटलं, पैशांवरूनच. १९७९ मध्ये सगळं संपलं. त्यांच्यातली जोन जेट पुढे केनी लगुना याच्याबरोबर स्वतःची कंपनी काढून बसली. एकामागून एक कंपन्यांनी नकार दिल्यावर हे तिला सुचलं, आणि १९८२ मध्ये तिचं गाणं सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ब्लॅकहार्ट नावाची ती कंपनी अजून तिचीच आहे.

मॅनेजर नकोच असं मी म्हणत नाही. चांगला मॅनेजर काय असतो ते जिंजर कॅन्झोनेरीकडे बघून कळतं. पैसा यायच्या आधी तिने स्वतःचं ओतलं. गो-गोज मोठ्या झाल्यावर कारभार बड्या लोकांकडे गेला आणि ती मागे पडली, हे मला आजही खटकतं. तुमच्या त्या गृहस्थांना सांग, सहा महिने शोगणिक काम करा, तुम्ही आणलेल्या शोवर १५ टक्के घ्या, मग बघू. खरोखर काम करायचं असेल तर ते तयार होतील.

'लूक'चं थोडक्यात. फॅनी नावाचा बँड होता. मनिलाहून अमेरिकेत आलेल्या जून आणि जीन मिलिंग्टन या बहिणींनी उभा केलेला. १९७० मध्ये मोठ्या कंपनीकडून अख्खा अल्बम काढणारा मुलींचा तो पहिला रॉक बँड मानला जातो. पुढे त्यांच्यावर तोकड्या, झगमगीत कपड्यांचा दबाव आला. जून १९७३ मध्ये बाहेर पडली. त्यांचं सगळ्यात वर गेलेलं गाणं १९७५ मध्ये २९ व्या क्रमांकावर पोचलं, तोवर बँड संपलेला होता. गो-गोजचंही तसंच: १९८२ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने त्यांना अंतर्वस्त्रांत मुखपृष्ठावर छापलं आणि वर द्व्यर्थी मथळा दिला, तो वाचून त्या हादरल्या. फोटो आणि कपडे यावर शेवटचा शब्द बँडचा, हे वाक्य करारात हवंच. तुम्हाला झगमगीत कपडे आवडत असतील तर खुशाल घाला. ठरवणाऱ्या तुम्ही असा.

८ मार्चची बोलावणी घ्या, पण इतर दिवशी घेता त्याच मानधनात. 'महिला दिन आहे, थोडं कमी करा' याला उत्तर नाही हेच. आणि प्रत्येक वेळी आयोजकाला तिथल्या तिथे विचारा की दिवाळीच्या किंवा डिसेंबरच्या कार्यक्रमात कधी बोलावताय. दहा जणांना विचारलं तर दोघे तारीख देतील, आणि तेच पुढचे गिऱ्हाईक.

आता तुमच्या ड्रमरकडे येते, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तिच्याविषयी बोलताना तुम्ही तिघी तिला विचारायचंच विसरलात असं पत्रावरून दिसतं. ती म्हणते मी वाजवणार. मग ती वाजवणार. लग्न म्हणजे बँड सुटणार हे तिच्या सासूने ठरवलेलं नाही, तुमच्या गायिकेने ठरवलंय. शिवाय तुमचे शो बहुतेक पुण्या-मुंबईत असतात ना? मग ड्रमर पुण्यात असणं ही सोयच झाली. पुण्यात तासावर मिळणाऱ्या जॅम रूम आहेत, तिथे ड्रमकिट असतोच. महिन्यातून एक शनिवार-रविवार तुम्ही तिघी पुण्याला जा, एकदा ती नाशिकला येईल. मधल्या काळात क्लिकवर (लय धरून ठेवणाऱ्या टिकटिकीवर) रेकॉर्ड करून एकमेकींना पाठवा.

खरी अडचण अंतराची नसेल. रात्री अकराला शो संपल्यावर ती घरी कशी पोचणार, हा प्रश्न नव्या घरात येईल, आणि त्याचं उत्तर तिने एकटीने द्यायचं नाही. वरच्या हिशेबात मी टॅक्सीचे पैसे वाटे पाडायच्या आधी काढले ते याचसाठी. तो खर्च बँडचा. लग्नाआधीच तिच्या होणाऱ्या नवऱ्याला एका शोला बोलवा, मागे उभं राहून सगळं सामान उतरवण्यापासून बघू दे.

एखाद्या तारखेला ती खरंच येऊ शकणार नाही, त्यासाठी बदली ड्रमर तयार ठेवा आणि ती कोण हे तुमच्या ड्रमरलाच निवडू द्या. १९८० च्या शेवटी गो-गोजची बेसवाली मार्गो ओलाव्हारिया आजारी पडली. नववर्षाचे शो तोंडावर होते. कॅथी व्हॅलेंटाइन मूळची गिटारवाली, तिने काही दिवसांत सगळी गाणी बेसवर बसवली आणि शो निभावले. बदली म्हणून आलेली कॅथी कायमची झाली आणि मार्गो परत आलीच नाही. बँडला फायदा झाला असेल. पण तुमच्यात तसं घडू नये म्हणून आधीच लिहून ठेवा: बदली त्या शोची नाईट घेईल, गाण्यांत आणि नावात तिचा वाटा नाही, आणि मूळ ड्रमरची जागा तिने स्वतः सोडल्याशिवाय जाणार नाही. बाळंतपण, आजारपण, आई-वडलांचं दुखणं, चौघींपैकी कुणालाही हे लागू. उद्या तुझ्यावरही ती वेळ येईल.

बाहेरच्या त्रासाचंही प्रामाणिकपणे सांगते. कधी कधी तो खरंच मोडतो. श्रीनगरमध्ये तीन शाळकरी मुलींनी प्रगाश नावाचा बँड काढला होता. डिसेंबर २०१२ मध्ये त्या स्पर्धेत वाजवल्या, ऑनलाइन धमक्या सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या प्रमुख मुफ्तींनी फतवा काढला आणि त्या मुलींनी वाजवणं थांबवलं. त्यांचा हिशेब चुकला म्हणून काही झालं नाही, त्यांच्या बँडला जगूच दिलं नाही. त्याची आठवण झाली की मला आजही संताप येतो. तुमच्या इन्स्टाग्रामवर जे येतंय त्यात शिव्या असतील तर ब्लॉक करा आणि पुढे जा, पण धमकी किंवा पाठलाग असेल तर स्क्रीनशॉट ठेवून सायबर पोलिसांकडे जा, चौघी एकत्र जा. तुमच्या हातात जे आहे, ते तरी सुटू देऊ नका.

आपल्याकडेही उदाहरण आहे, आणि ते सांगताना मला वाईट वाटतं. विठाबाई नारायणगावकरांनी स्वतःचा फड चालवला, गावोगाव कनाती भरवल्या, दोन राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान घेतला, आणि शेवटची वर्षं पैशांच्या विवंचनेत काढली. एवढ्या मोठ्या बाईच्या वाट्याला हे यावं! तुमच्या गाण्याला लाखो लोकांनी बघितलं म्हणजे तुमचं भागलं असं समजू नका.

बैठक घ्याल ती कॅफेत नको, सरावाच्या खोलीतही नको. बेसवालीच्या घरी जेवायला बसा, जेवण झाल्यावर वही काढा. पहिल्या पानावर सगळ्या गाण्यांची यादी करा, प्रत्येक गाण्यापुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुठला ठेका किंवा ओळ कुणी आणली हे लिहा. जिथे एकमत होणार नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढच्या गाण्यावर जा. दुसऱ्या पानावर नाव, सामायिक बँक खातं, दोघींच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत ही अट. तिसऱ्यावर जी सोडून जाईल तिचं काय: जुन्या गाण्यांतला तिचा वाटा तिचाच राहील, नाव मात्र उरलेल्यांकडे. नंतर वकिलाकडून नीट भाषेत उतरवून स्टॅम्प पेपरवर सह्या करा. एका रात्रीत पूर्ण होणार नाही. गायिका रागावून उठली तर उठू दे, दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जा. तिचं म्हणणं सगळं चूक नाहीये, लिहिणाऱ्यांचा वेगळा हक्क असतो हे ती बरोबर सांगतेय, फक्त चुकीच्या पैशांवर बोट ठेवतेय.

त्या गृहस्थांना एवढंच कळव की मसुदा वकिलाकडे दिलाय, महिन्याभरात उत्तर देऊ. दोन दिवसांत सही हवी म्हणाले, तर उत्तर तेव्हाच दे.

आणि ड्रमरला आज रात्री तू स्वतः फोन कर, ग्रुपवर मेसेज टाकू नकोस. हळद, लग्न, मांडवपरतणी, फिरायला जायचे दिवस, सगळ्या तारखा विचारून घे. त्या सोडून जूनपासून डिसेंबरपर्यंत तिला कुठले शनिवार जमतील ते तिच्याकडूनच लिहून घे आणि पुण्या-मुंबईच्या आयोजकांना त्या तारखा चौघींच्या नावाने पाठव.